मास्तरीणबाईंची उमेदवारी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी बोलायला उभ्या राहिलेल्या बाईने मंडळाची वाटचाल सांगावी, देणगीदारांचे आभार मानावेत आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. यंदा तो मोडण्याची परवानगी मी अध्यक्षबाईंकडून आधीच घेतली आहे. वाटचाल चिटणीसबाईंच्या अहवालात आलीच आहे, आणि देणगीदारांची नावे या स्मरणिकेच्या मागल्या पानावर छापली आहेत. मला बोलायचे आहे ते एका वेगळ्याच गोष्टीवर. संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून ती आपल्यात कुजबुजत फिरते आहे. आपल्यापैकी एक बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या, बचतगटांचे हिशेब रात्री जागून तपासणाऱ्या, टंचाईच्या उन्हाळ्यात टँकरसाठी तहसीलदारांच्या दारात बसणाऱ्या, त्यांनी पुढल्या वेळी विधानसभेला उभे राहावे, असे पुष्कळजणींच्या मनात आहे. बाई इथेच बसल्या आहेत. त्यांचे नाव घेऊ नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून मी घेत नाही. तुम्ही मात्र सगळ्याजणी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलेच!

मी स्वतः चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत काढली. त्यामुळे "मास्तरीणबाईला आमदारकीचे काय घेणे?" हा प्रश्न जेव्हा माझ्या कानावर येतो, तेव्हा मला गप्प बसवत नाही. तो विचारणारे पुरुषच असतात असे नव्हे. परवा आपल्याच एका वहिनी म्हणाल्या, "बाई, शाळा सोडून हे कशाला हो?" त्यांना उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आपल्या मराठवाड्याचे राजकारण जन्मले ते शाळेतच. निजामाच्या राज्यात साधी सभा भरवायची म्हटली तरी आगाऊ परवानगी लागे. शिक्षण उर्दूतून. मराठी मुलाला मराठीतून शिकवणारी खाजगी शाळा काढणे हेच तेव्हा मोठे धाडस होते. अशा काळात, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परगा या खेड्यात १९२१ साली एक राष्ट्रीय शाळा निघाली, आणि १९२९ मध्ये तिथे मुख्याध्यापक म्हणून एक तरुण आला. त्याचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. १९३२ मध्ये त्याने संन्यास घेतला. पुढे आपण सगळे त्यांना स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखू लागलो. हिप्परग्याहून ते अंबाजोगाईच्या शाळेत गेले. बाबासाहेब परांजपे हेही तिथलेच शिक्षक. ही माणसे मुलांना भूगोल आणि गणित शिकवीत होती, आणि शिकवता शिकवता त्यांच्या ध्यानात आले की वर्गाबाहेरचे राज्य आहे तसेच राहिले तर वर्गातल्या शिकवण्याला काही अर्थ उरत नाही. १९३८ मध्ये स्वामीजी शाळेतून निघाले आणि सत्याग्रहात गेले. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे ते पुढारी झाले, तुरुंगात गेले, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले तेव्हा सगळ्या मराठवाड्याच्या तोंडी त्यांचे नाव होते.

पुढचे थोडे लोक लक्षात ठेवतात. १९५२ ची निवडणूक आली तेव्हा स्वामीजी गुलबर्ग्याहून लोकसभेवर गेले आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून. परांजपे १९५२ मध्ये बीडहून गेले. म्हणजे मास्तर आणि निवडणूक हे नाते आपल्याकडे पहिल्या निवडणुकीपासूनचे आहे, ते कोणी काल-परवा जुळवलेले नाही. स्वामीजींनी मंत्रिपद मात्र घेतले नाही. कोणी म्हणेल, संन्याशाला मंत्रिपद कशाला? मला तसे वाटत नाही. घेतले असते तर बरे झाले असते असे मला पुष्कळदा वाटते; चांगली माणसे खुर्चीला हात लावत नाहीत म्हणून ती खुर्ची काही मोकळी राहत नाही. पण तो माझा विचार झाला. असो.

स्वामीजी तर फार मोठे. आपल्या जोखाने मोजता येईल असे उदाहरण पाहिजे असेल, तर नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचे घ्या. कंधार म्हणजे आपल्या जाफराबादसारखेच तालुक्याचे गाव. तिथले केशवराव धोंडगे हे शेतकरी कामगार पक्षाचे. गोरगरिबांच्या मुलांसाठी त्यांनी शिक्षणसंस्था उभी केली, आणि तिच्या नावातच 'मोफत' हा शब्द घातला: श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी. त्या काळी फी नाही म्हणून मुलगा घरी बसे, मुलीचा तर प्रश्नच नव्हता. अशा वेळी पाटीवर 'मोफत' असे लिहिलेली शाळा दिसणे म्हणजे काय, हे आपल्या आयांना विचारावे. १९५७ मध्ये धोंडगे विधानसभेवर निवडून आले, आणि पुढे कंधारने त्यांना पुनःपुन्हा निवडून दिले. ते 'जयक्रांती' नावाचे साप्ताहिक चालवीत. आणीबाणीला त्यांनी विरोध केला आणि १९७७ मध्ये नांदेडहून लोकसभेवर गेले. विधानसभेत त्यांचे बोलणे म्हणजे तोफ. शंभरी ओलांडून १ जानेवारी २०२३ रोजी ते गेले. त्यांची सगळी मते मला पटत होती असे नाही. परंतु कंधारच्या माणसाला आपला आमदार कुठे भेटेल ते ठाऊक होते, आणि तो काय बोलेल याची मुंबईत धास्ती होती, ही गोष्ट लहान नव्हे.

पश्चिमेकडे पाहिले तर प्रा. एन. डी. पाटील. साताऱ्याच्या रयत शिक्षण संस्थेच्या मुशीतले, प्राध्यापक. १९६० मध्ये विधान परिषदेवर गेले, १९७८ मध्ये सहकारमंत्री झाले, आणि मंत्रिपद गेल्यावर पुन्हा मोर्चाच्या पुढे चालू लागले. मंत्रिपदानंतर पायी चालता येणे हीही एक परीक्षाच असते, आणि फार थोडे तिच्यात पास होतात.

आता तुम्ही म्हणाल, बाई, ही सगळी पुरुषांचीच नावे झाली. खरे आहे. बायांची नावे शोधावी लागतात, आणि शोधावी लागतात हेच तर दुखणे आहे. मुक्तिसंग्रामात आपल्याच जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके लढल्या, हे आपण दर १७ सप्टेंबरला भाषणात ऐकतो. हैदराबादच्या विधानसभेत आशाताई वाघमारे बसल्या होत्या, हे किती जणींना ठाऊक आहे? आणि बालवाडीच्या ताराबाई मोडक, ज्यांचे नाव आपण अंगणवाडीच्या भिंतीवर वाचतो, त्याही स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई विधानसभेत होत्या. मुलांना मातीचे खेळणे देणारी बाई कायदा करायला बसली होती, आणि त्यामुळे तिच्या बालवाडीचे काही बिघडले नाही. पुढे तिने आदिवासी मुलांसाठी कोसबाडला जे काम केले ते सगळा देश पाहायला आला.

पहिल्या निवडणुकीची एक हकीकत मी वर्गात मुलींना नेहमी सांगत असे, ती इथेही सांगते. १९५२ च्या निवडणुकीसाठी मतदारयाद्या करायला माणसे घरोघर गेली. बाई दारात आली की विचारायचे, नाव काय? बाई सांगे, अमक्याची बायको, तमक्याची आई. स्वतःचे नाव परक्या पुरुषाला सांगणे तिला जमेना. निवडणूक आयोगाने ठरवले की असे नाव यादीत चालणार नाही. देशभरात, विशेषतः उत्तरेकडच्या राज्यांत, सुमारे २८ लाख बायांची नावे यादीतून गळाली. अठ्ठावीस लाख! त्यांना नाव नव्हते असे नाही. ते उच्चारायची सवय नव्हती. आमच्या मुली हे ऐकून हसत. मी त्यांना म्हणे, हसा, पण घरी जाऊन आजीला तिचे माहेरचे नाव विचारा. दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाला ते पहिल्यांदाच कळलेले असे.

आज यादीत आपले नाव आहे. फोटोसकट आहे. पण यादीत नाव असणे आणि मतपत्रिकेवर नाव असणे यांत केवढे अंतर आहे पाहा. महाराष्ट्र विधानसभेत जागा २८८. २०१९ मध्ये त्यांत २४ बाया निवडून आल्या, २०२४ मध्ये २१. म्हणजे पाच वर्षांत आपण पुढे गेलो नाही, तीन पावले मागे आलो. गावात मात्र काय चित्र आहे? ग्रामपंचायतीत आणि जिल्हा परिषदेत १९९० च्या सुमारास आधी ३० टक्के, मग एकतृतीयांश, आणि २०११ मध्ये निम्म्या जागा बायांसाठी राखल्या. आपल्या तालुक्यात सरपंचबाई म्हटले की आता कोणी भुवया उंचावत नाही. नवरा सही करतो आणि बाई चहा करते, असे हसून सांगतात खरे. पहिल्या खेपेला तसे होतेही. पण दुसऱ्या खेपेला बाई सही कशावर आहे ते विचारते. हे मी टेंभुर्णीकडे आणि माहोऱ्याकडे शाळेच्या निमित्ताने हिंडताना डोळ्यांनी पाहिले आहे. विधानसभेसाठीही एकतृतीयांश जागा राखण्याची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, परंतु तिच्यात अशी अट घातली की आधी जनगणना व्हायची, मग मतदारसंघांची फेरआखणी, आणि त्यानंतर राखीव जागा. तेव्हा आपला मतदारसंघ राखीव होईल मग पाहू, असे म्हणून बसायचे, तर बसून राहावे लागेल.

मधेच एक गंमत सांगते. २००१ पासून सरपंच किंवा जिल्हा परिषद सदस्य व्हायला दोन अपत्यांची अट आली. आमदार व्हायला ती कधी नव्हतीच. गावच्या गटाराचा ठराव करणाऱ्याचे कुटुंब लहान पाहिजे, आणि राज्याचा कायदा करणाऱ्याचे कितीही मोठे चालेल. यातले शहाणपण माझ्या बालबुद्धीला अजून उलगडलेले नाही.

काही जणी म्हणतात, विधानसभा नको, शिक्षकांसाठी वेगळी वाट आहे ना, विधान परिषद! तिथून जावे, गावोगाव हिंडायला नको. ही वाट नीट समजून घेऊ, कारण हिच्यात आपल्यावर एक अन्याय झालेला आहे आणि तो फारसा कोणी बोलत नाही. आपल्या विधान परिषदेत ७८ जागा. त्यांतल्या ७ शिक्षकांच्या आणि ७ पदवीधरांच्या. सगळ्या मराठवाड्याचे मिळून शिक्षकांचे १ आमदार. मत द्यायची पद्धतही निराळी. यंत्राचे बटन दाबायचे नसते, कागदावर त्यांनीच दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने पसंतीचे आकडे लिहायचे, १, २, ३ असे. आता गंमत ऐका. घटनेच्या १७१ व्या कलमात लिहिले आहे की हे मत कोणाला? माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या दर्जाची नसलेली संस्था, आणि तिथे निदान तीन वर्षे शिकवलेला शिक्षक. म्हणजे हायस्कूलचे आणि कॉलेजचे. पहिली ते चौथीच्या बाईला हे मत नाही! मी चौतीस वर्षे शिकवले. ज्या मुलांनी माझ्याकडे 'अ' काढायला शिकून पुढे हायस्कुलात मास्तरकी धरली, त्यांना शिक्षक म्हणून मत होते आणि मला नव्हते. शिवाय जे उभे राहतात ते शिक्षकच असले पाहिजेत अशीही अट नाही. मत देणारा शिक्षक पाहिजे, मत घेणारा कोणीही चालतो. पदवीधरांच्या यादीत नाव घालावे म्हटले, तर माझ्या वेळच्या पुष्कळ बाया मॅट्रिक होऊन डी. एड. करून लागलेल्या, त्यांना तेही दार बंद. प्राथमिक शाळेत बाया अधिक, वर जावे तसतसे पुरुष अधिक, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा हे कलम कोणाला बाहेर ठेवते ते वेगळे सांगायला नको. घटना लिहिणाऱ्यांच्या मनात तसे काही नव्हते, हे मी मानते. पण पाऊणशे वर्षांत कोणाला ते दुरुस्त करावेसेही वाटले नाही, हे त्याहून वाईट. आमच्या बाई विधानसभेत गेल्या तर त्यांनी पहिल्याच अधिवेशनात हा प्रश्न विचारावा अशी माझी मागणी आहे. कायदा दिल्लीचा आहे हे मला कळते, पण मुंबईतून दिल्लीला ठराव पाठवता येतो.

आता दुसरी बाजू. शिक्षणातला माणूस राजकारणात गेला की सगळे सोन्याचे होते, असे मी सांगितले तर तुम्ही मला वेड्यात काढाल. शाळा काढून पुढारी होणे वेगळे आणि पुढारी होण्यासाठी शाळा काढणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे नमुने आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. माझी एक जाऊ एका खाजगी संस्थेत शिक्षिका होती. संस्थेचे नाव मी घेणार नाही, जिल्हाही सांगणार नाही. निवडणूक आली की दुपारची शाळा सकाळची होई, आणि दुपारी सगळ्या शिक्षकांच्या हातात मतदारयादीची पाने. प्रत्येकाने पंचवीस घरे करायची. न केली तर? कोणी रागावत नसे. फक्त पुढल्या महिन्यात पगारपत्रकावर कसली तरी शंका निघे, आणि ती दूर व्हायला तीन महिने लागत. माझी जाऊ पंचवीस घरे करी, आणि येऊन माझ्याकडे रडे. मत कोणाला देई हे तिने मला कधी सांगितले नाही, मीही विचारले नाही. अशा संस्थेतून निघालेल्या आमदाराला शिक्षणमहर्षी म्हणायची पद्धत आहे. म्हणोत बापडे.

आपल्या बाईंजवळ संस्था नाही, पगारपत्रक नाही, पंचवीस-पंचवीस घरे वाटून द्यायला माणसे नाहीत. लोक ह्याला त्यांची कमजोरी म्हणतात. मला तीच त्यांची जमेची बाजू वाटते. पण ती जमेची बाजू निवडणुकीच्या खर्चात धरता येत नाही, हेही खरे. म्हणून आता जरा हिशेबाचे बोलू. भावनेच्या भरात "उभ्या राहा, उभ्या राहा" म्हणणे सोपे आहे. घर त्यांचे जळणार, आपण शेकणार, असे होऊ नये.

पहिली गोष्ट, नोकरी. जिल्हा परिषदेच्या सेवेत राहून विधानसभेला उभे राहता येत नाही, प्रचारही करता येत नाही. नोकरी सोडावी लागेल. बाईंची अठरा वर्षे सेवा झाली. जुनी पेन्शन १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्यांना बंद झाली, तेव्हा ती त्यांना लागू नाही. त्याच पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, तेव्हा आपल्या तालुक्यातल्या बायाही पोराबाळांसह उन्हात बसल्या होत्या. त्याच राज्यात माजी आमदाराचे निवृत्तिवेतन २०१६ मध्ये महिना ५०,००० रुपये केले, आणि त्यासाठी वीस वर्षे खडू झिजवावा लागत नाही, एक वेळ निवडून आले की पुरे. हे मी कोणाच्या द्वेषाने सांगत नाही. पण बाई हरल्या तर त्यांच्या हाती काय राहील, ते तुम्ही आधी डोळ्यांसमोर आणा. त्यांच्या घरी दोन शिकणारी मुले आहेत, आणि सासूबाईंचे डोळ्यांचे औषधपाणी आहे. आपल्यातल्या कितीजणी तेव्हा त्यांच्या दारात जातील?

दुसरी गोष्ट, पैसा. विधानसभेसाठी अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला निम्मी. झालेल्या वैध मतांच्या एकषष्ठांश मते पडली नाहीत तर ती सरकारजमा. ही रक्कम आपण हळदीकुंकवाच्या वर्गणीतूनही जमवू. पण उमेदवाराला कायद्याने ४० लाखांपर्यंत खर्च करता येतो, आणि समोरचा तेवढ्यावर थांबेल अशी शपथ मी घेणार नाही. आपल्या बाईंचा खर्च काय होईल? दोन जीपगाड्या, पत्रके, डिझेल, चहा. भोकरदनचा मतदारसंघ पसरलेला आहे. जाफराबाद तालुक्याचे मत त्याच पेटीत जाते, पण पेटी काही आपल्या तालुक्याने भरत नाही. भोकरदनकडच्या गावांत आपल्या बाईंना कोण ओळखते? जावे लागेल, दारोदार जावे लागेल, आणि तिथल्या बायांना विचारावे लागेल की तुमच्या गावची शाळा सातवीला संपते तेव्हा मुलगी पुढे कशाने जाते.

कारण खरा प्रश्न तोच आहे, भगिनींनो. मी उमेदवारीच्या बाजूने बोलते आहे ते मानासाठी नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हक्काचे केले. पण आठवी झाली की मुलगी चौदा वर्षांची होते, आणि हायस्कूल असते पाच-सात किलोमीटरवर. मुलगा सायकलवर जातो, मोटारसायकलवर कोणाच्या तरी मागे बसतो. मुलीसाठी बस लागते. बस वेळेवर आली तर मुलगी शाळेत; बस आठ दिवस आली नाही तर मुलगी कापूस वेचायला; आणि महिनाभर आली नाही तर पुढच्या उन्हाळ्यात मांडव. माझ्या हजेरीपटावरच्या किती मुलींची नावे अशी एका बसपायी पुसली गेली, ती मी बोटांवर मोजू लागले तर हातापायांची बोटे पुरणार नाहीत. हे आमदाराच्या हातातले काम आहे. तारांकित प्रश्न विचारायचा, लक्षवेधी सूचना द्यायची, आगाराच्या अधिकाऱ्याला बोलावून घ्यायचे. ज्याने कधी हजेरीपट भरला नाही त्याला ती बस दिसत नाही. आपल्या बाईंना दिसते. त्या दर सोमवारी मोजतात.

तिसरी गोष्ट, कागद. उमेदवाराला नमुना २६ चे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. शेत किती, कर्ज किती, खटले किती, बँकेत किती, नवऱ्याच्या नावावर किती, आणि अंगावरचे सोने किती. ते सगळ्या जगाला वाचता येते. तेव्हा बाईंनी नवऱ्याला न सांगता केलेले डोरले असेल तर तेही आता उघड होणार! हसा, पण ह्यात एक चांगले आहे. बाईच्या नावावर काय आहे हा प्रश्न पुष्कळ घरांत पहिल्यांदा त्या कागदामुळेच निघतो.

मी मतदान अधिकारी म्हणून कितीतरी निवडणुका केल्या. कागदी मतपत्रिकेच्या काळात पेटीला लाख लावायला शिकले, मग यंत्र आले. बहुतेक वेळा माझ्याकडे शाईचे काम असे. मतदाराची डाव्या हाताची तर्जनी धरायची आणि नखावर काडी फिरवायची. बायांचे हात कळतात हो शाई लावताना. कोणाच्या बोटाला शेणाचा वास, कोणाच्या बोटावर विळ्याची खूण, कोणाचे बोट थरथरत असे, कारण घरून सांगून पाठवलेले चिन्ह लक्षात राहील की नाही याची भीती. मी काही बोलत नसे, बोलायची मुभाच नसते. पण एका वर्षी एक म्हातारी शाई लावून घेताना मला हळूच म्हणाली, "बाई, ह्या यादीत तुमचं नाव न्हाई का? तुमालाच दिलं असतं." पाठीमागची रांग हसली. मी पुढचे बोट धरले.

आता माझे मत विचाराल तर सांगते. बाईंनी आज राजीनामा देऊ नये. आपण टाळ्या वाजवल्या म्हणून तर मुळीच देऊ नये. पुढली निवडणूक २०२९ मध्ये येईल, दिवस पुष्कळ आहेत. या दिवसांत वीस वर्षांची सेवा पुरी होते. स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग तेव्हा मोकळा होतो, आणि राजीनाम्याने जे जाते ते सगळेच जात नाही. आणि या दिवसांत काम बाईंनी नव्हे, आपण करायचे आहे. बचतगटांचे जाळे आहे. प्रत्येक गटाने भोकरदनकडच्या एका गटाशी ओळख धरावी. पक्षाचे तिकीट मिळाले तर सूचक एक पुरतो. अपक्ष उभे राहायचे तर याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात, आणि त्या दहांना आपल्या घरातल्या पुरुषांसमोर, कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांवर, सही करावी लागेल. मी एक. दुसरी कोण?

बाईंच्या घरच्यांनाही आपण विचारले पाहिजे. त्यांचे यजमान सज्जन आहेत, पण प्रचाराच्या वीस दिवसांत घरी स्वयंपाक कोण करील, हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात नसतो. तेव्हा त्याची यादीही आपणच करायची. कोणत्या दिवशी कोणाकडून डबा, कोण मुलांचा अभ्यास घेईल, सासूबाईंना डॉक्टरांकडे कोण नेईल. माझ्याकडे मंगळवार आणि शुक्रवार. पुरणपोळी होणार नाही, वय झाले, पिठले-भाकरी होईल.

चिटणीसबाईंजवळ दोन कागद ठेवले आहेत. एकावर सूचकांसाठी नावे, दुसऱ्यावर डब्यांचे वार. पहिल्यावर सही करणाऱ्या भगिनींनी मतदारयादीतला आपला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक सोबत लिहावा, आणि तो घरच्या कोणाला विचारून नव्हे, स्वतः यादी पाहून लिहावा. यादी नगरपंचायतीच्या कचेरीत पाहायला मिळते. ज्यांचे नाव सासरच्या गावी अजून लागलेले नाही त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. अर्ज माझ्या पिशवीत आहेत.